पालखी आधी कुणाच्या अंगणात

रविवार, १५ फेब्रुवारी. महाशिवरात्र

उपास. रताळी उकडली, वरीचे तांदूळ केले. ह्यांनी दाण्याची आमटी दोनदा मागून घेतली. एरवी इतकं जेवत नाहीत.

दिवेलागणीला देवळातून येत होते, तर पायवाटेवर समोरून आप्पा. आप्पा म्हणजे ह्यांचे सख्खे थोरले भाऊ. दगडी गडग्यापलीकडचं थोरलं घर त्यांचं. वाट केवढीशी, दोघांनी अंग चोरलं तरच जाता येतं. मी बाजूला झाले, हसले, हात जोडले. माणूस माझ्या तोंडाकडे बघून तसाच पुढे. मी मुद्दाम खाकरले, तेव्हा थांबून म्हणतात, "कोण गो? चिमा काय?"

ह्या घरात येऊन माझे केस पांढरे झाले, अजून कोण म्हणून विचारतात.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे गो. आप्पाच्या मनात काय नसतं." थोरल्या घरात कुणाच्याच मनात कधी काही नसतं. मनात यायचं ते सगळं देवाने माझ्याच वाट्याला दिलंय.

उपासाच्या दिवशी असलं लिहू नये. पण डायरी माझी आहे. बँकेची गेल्या वर्षीची, निम्मी कोरी होती, वार खोडून चालवतेय. पुढून जमाखर्च, मागून हे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रशीदभाईंची व्हॅन आज पुन्हा थोरल्या घरासमोर. आप्पा आणि माझी थोरली जाऊ तुळसावयनी अधूनमधून गाडी करून रत्नागिरीला जातात, ऊन कलल्यावर येतात. येताना आप्पांना काळा चष्मा. ह्या वयात काळा चष्मा! मला हातखंब्याला जायचं तर मी एसटीसाठी उन्हात उभी राहते. रशीदभाईंना सहज विचारलं, "कुठे असतात हो ह्यांच्या फेऱ्या?" तर हसले. "ताई, पॅसेंजर कुठे जातो ते सांगायला लागलो तर उद्या माझ्या गाडीत बसेल कोण?"

संध्याकाळी वयनीनं गडग्यावरून हाक मारली. "चिमे, यंदा पालखी तुझ्याकडून किती वाजता निघेल गो?"

"का?"

"असंच. आमच्याकडे यायला दिवे लागतात ना, म्हणून."

पोटातलं ओठावर आलं एकदाचं. मी म्हटलं, "देवी बसेल तेवढी बसेल. तिला उठ म्हणणारी मी कोण?" वयनी पदर सावरून आत गेली.

पालखीचा क्रम कसा ठरला ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी वाद घातला तर माझ्या तरी डोक्यात गोंधळ नको. पूर्वी आमच्या वाडीत नवलाईआईची पालखी पहिली थोरल्या घरी जायची. पुढचा क्रम ज्याच्या आवाजात जोर त्याचा. एका शिमग्याला वरची आळी आणि खालची आळी अशी जुंपली की पोलीस आले, पालखी देवळातून हललीच नाही. तेव्हा गावकार, म्हणजे देवस्थानचे मुख्य मानकरी, म्हणाले की आता माणसाने ठरवायचंच नाही. त्याच सुमाराला आप्पांचा मुलगा अजिंक्य लग्न करून आला; तो नोकरीला मुंबईत, सून इथे. त्याची बायको शमिका कॉम्प्युटरवाली, घरात बसून परदेशाची कामं करते. तिने वाडीसाठी मोबाईलवर एक सोय करून दिली होती. मुंबईहून कोण कुठल्या घरी येणार, पालखी आत्ता कुठे पोचली, असं सगळं त्यात दिसतं. गावकार तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या यंत्रात सगळी घरं आहेत ना? दाब बटन. येईल तो क्रम."

दाबलं. पहिलं नाव हरिश्चंद्र. आमचं. गुरवांनी देवीला कौल लावला. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे होकार. पुढच्या वर्षी परत दाबलं, तर तोच क्रम, एक घर इकडचं तिकडे नाही. सगळ्या सभामंडपाने हात जोडले. त्यानंतर दरवर्षी तेच.

त्या क्रमाने खांदेकऱ्यांना टेकाडावरून खाली, खालून वर असं किती वेळा करावं लागतं. थोरल्या घराच्या दारावरून पालखी जाते आणि आत वळत नाही. ते घर जवळजवळ शेवटी आहे. पण देवीचा शब्द म्हटल्यावर कोण कुरकुरणार?

नव्या भाताची लोंबी आधी वयनीच्या दाराला, उरलेली माझ्या. गणपतीची आरती आधी त्यांची. सून त्यांची आधी आली. माझा ओमकारसुद्धा आधी "मोठी आई" म्हणायला शिकला, मग मला "आई". पहिलं असं माझं काही नव्हतंच. मग एक दिवस नवलाईआईनेच, कुणाला न विचारता, माझं घर पहिलं धरलं. मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण तेव्हापासून देवळात गेले की तिच्या डोळ्याला डोळा भिडवते.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आधी हे लिहिते, मग चूल.

ह्यांच्या मोबाईलवर यंदाचा क्रम आला. पहिलं नाव आप्पांचं. आमचं शोधत खाली गेले, गेले, तर खालच्या आळीच्या शेवटी.

तशीच उठले आणि गडगा ओलांडून गेले. शमिका पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेली. पडवीत भर दुपारी ट्यूबलाईट चालू! ऊन दारात येऊन पडलंय आणि वर ट्यूब. बिल भरायला माणसं मुखत्यार, मी कोण बोलणार.

"शमिका, हे काय?"

"काकू, मी तेच बघतेय. यंत्राच्या भाषेची नवीन आवृत्ती टाकली ना, त्यानं झालंय. जुनीला आता दुरुस्त्या येत नाहीत, म्हणून टाकावी लागली. भाषेनं आपली सवय बदलली."

"भाषा इतकी वर्षं बदलली नाही ती नेमकी तुमचं घर पहिलं यायच्या वर्षी बदलली?"

तिचं तोंड उतरलं. आतून आप्पांचा आवाज, "कोण आलंय गो?" मी उत्तर दिलं नाही. आले तशी परत.

ओमकार जहाजावरून महत्प्रयासाने रजा काढून येतोय. पालखीच्या दिवशी दुपारनंतर लगेच निघायचंय त्याला. पहिली आमच्याकडे येते ह्या हिशोबाने सगळं धरलंय. आता देवी आमच्या दारात येईल तेव्हा तो गोव्याच्या वाटेवर असेल.

वयनीला हे ठाऊक आहे. म्हणूनच मंगळवारी वेळ विचारत होती.

रविवार, २२ फेब्रुवारी

देवळात सभा झाली. मी उभी राहून बोलले. बायका सहसा उभ्या राहत नाहीत.

"गावकार, यंत्र घरचं, सून घरची आणि पहिलं घरही तेच. मी मॅट्रिक झालेली बाई, जास्त कळत नाही. एवढं कळतं."

कुणी खाकरलं. वयनी खाली बघत बसली. हे माझा पदर ओढत होते. आप्पा आलेच नव्हते; मोठी माणसं, सभेला कशाला येतील.

शमिका उठली. "काकू, मी सगळ्यांसमोर परत दाबते. बघा."

दाबलं. पहिलं नाव खालच्या आळीच्या भुवडांचं. परत दाबलं, सुतारांचं. परत दाबलं, तर तिसरंच.

"देवी आज पत्ते पिसतेय वाटतं," मागून एक कार्टं बोललं. गुरवांनी असं बघितलं त्याच्याकडे की ते खांबामागे गेलं.

गावकार म्हणाले, "आता ह्यातला खरा कंचा समजायचा?" तेवढ्यात फोनवरून मुंबई मंडळाचे सेक्रेटरी ओरडले, "गावकार, आमची तिकिटं जुन्या क्रमाने काढलीत! सगळ्यांनी! रजा कोण बदलून देणार?"

"शमिका, समजेल असं सांग," गावकार म्हणाले.

"ज्या भाषेत मी हे लिहिलंय, ती बनवणाऱ्यांनी..."

"मराठीत नाय काय हे?"

हसले सगळे. शमिकाही हसली जराशी. मग म्हणाली, "मोठ्या देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो ना, तसं समजा. राखणारा चपलेकडे बघून ठरवतो ही कुठल्या खणात. तुम्ही परत आलात की तसंच ठरवून नेमका त्या खणात हात घालतो. म्हणून चप्पल पटकन मिळते. पण त्याची ठरवायची रीत एखाद्या खोडसाळ माणसाला कळली, तर तो मुद्दाम एकाच खणात जातील अशा शेकडो चपला आणून देईल. मग राखणारा एक जोड काढायला तो ढीग उपसत बसेल, आणि बाकीचे तुम्ही उन्हात अनवाणी. आपलं यंत्र असं अडकवता येत होतं. म्हणून आता राखणारा दरवेळी नवी रीत धरतो. बाहेरच्याला अंदाज लागत नाही."

"आणि क्रमाचं काय?"

"सगळ्या चपला काढा म्हटलं की तो खणाखणाने काढतो. रीत तीच होती तोवर क्रम तोच यायचा. रीत बदलली की क्रम बदलला."

"मग जुनी रीत कर की चालू!" हे मी ओरडले.

"करता येते, काकू. एका ओळीचं काम आहे. जुन्या लोकांची अडचण नको म्हणून बनवणाऱ्यांनी तेवढी फट ठेवलीय. पण मग दार उघडंच राहणार."

"आपल्या वाडीच्या वाटेला कोण मरायला येतोय?"

"वाडी शोधत कुणी येत नाही. दारं ढकलत जातात. उघडं मिळेल तिथे शिरतात."

फोनमधले सेक्रेटरी आता वेगळंच बोलायला लागले. "म्हणजे पालखीच्या दिवशी बंद पडलं तर आम्ही हायवेवर कुणाला विचारायचं पालखी कुठे आहे ते?" मगाशी जुनं द्या म्हणून ओरडत होता हाच माणूस.

शेवटी शमिकानेच वाट काढली. रीत नवीच राहणार. क्रम तिने वेगळा, हाताने लिहून ठेवायचा, जुना होता तसाच्या तसा, म्हणजे यंदा कुणाची तिकिटं वाया जाणार नाहीत. पुढच्या वर्षीचा क्रम होळीनंतरच्या सभेत ठरवायचा, म्हणजे सगळ्यांना वर्षभर आधी कळेल. कुणीतरी म्हणालं, कौल लावा. गुरव म्हणाले, "एकदा दिलाय तिने. परत परत विचारायला ती काय तलाठी हाय?"

म्हणजे पहिलं घर आमचंच राहिलं.

बाहेर चपला घालताना वयनी शेजारी आली. "बरं झालं गो. ओमकारला मिळेल दर्शन." तिच्या आवाजात एवढंसंही काही सापडलं नाही मला. इतकं गोड बोलायला किती वर्षांची सवय लागत असेल.

सोमवार, २३ फेब्रुवारी

शमिका आली होती. "काकू, रागावलात?" चहा केला. तिच्या वाट्याचं दूध मांजराने सांडलं म्हणून कोराच दिला. खरं तर मांजराने सांडलं नव्हतं.

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मग त्या पहिल्या वर्षी आमचं नाव पहिलं आलं, ते?"

कप फिरवत बसली. "मी क्रम मागितलाच नव्हता, काकू. नुसती नावं मागितली होती. क्रम हवा तर त्याला तसं सांगावं लागतं. मी सांगितलं नाही, ती माझी चूक. त्याने आपल्या सोयीने दिली, आणि आपण तेच धरून बसलो."

"खणावरून."

"हो. खणावरून."

ती गेल्यावर तोच कप दोनदा विसळला. चपलांच्या खणावरून.

आणि आता तर पहिला नंबर तिच्या हातचा. थोरल्या घरच्या सुनेनं आपल्या बोटांनी आमचं नाव वर लिहिलं म्हणून आम्ही पहिले. लोंबी उरली की माझ्या दाराला बांधायची, तसंच हे. तिने मनात आणलं असतं तर त्याच बोटांनी सासऱ्याचं नाव वर घातलं असतं. घातलं नाही. ह्याचाही राग आला. चोर म्हणावं एवढीही सोय ठेवत नाहीत ही माणसं.

संध्याकाळी देवळात गेले. मूर्तीकडे मान वर करून बघवलं नाही. पायांकडे बघून आले.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पोह्याचे पापड लाटून अंगणात जुन्या साडीवर वाळत घातले होते. आप्पा गडग्याच्या फटीतून ह्यांना हाक मारत आले आणि सरळ साडीवरून चालत गेले. पापडांचा चुरा. एवढी लालभडक साडी अंथरलेली!

"आप्पा, पापड!" तर जागच्या जागी थांबले. एक पाय वर. बगळ्यासारखे. "कुठे गो? कुठल्या बाजूला?"

"तुमच्या पायाखाली!"

हे धावत आले आणि भावाला हाताला धरून बाहेर काढलं, लहान मुलाला काढावं तसं. मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पापड माझे मोडले आणि अबोला माझ्याशीच.

चुरा डब्यात भरला. तळून चिवड्यात घालेन.

सोमवार, २ मार्च

ओमकार आला. काळा पडलाय, पण अंगाने भरलाय. त्याच्या आवडीची सुरमई आणली. जेवला आणि हात पुसत गडग्यापलीकडे. तासभर वाट बघितली, मग मागीलदारी जाऊन बघते तर पडवीत आप्पांच्या शेजारी बसून पेपर वाचून दाखवतोय. मोठ्याने. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. मुलगा माझा, रजा माझ्यासाठी काढलेली आणि पेपर वाचायचा त्यांना! त्यांचं तोंड काय मोडलंय वाचायला?

आल्यावर म्हणाला, "आई, आप्पांचं तुला..."

"मला आप्पांचं काही सांगू नकोस. इथे आहेस तोवर माझ्या घरातलं बोल."

गप्प बसला. बापावर गेलाय.

गुरुवार, ५ मार्च

होळी आणि ग्रहण एकदम आलं, लिहायला फुरसत नव्हती. ग्रहण सुटल्यावर सगळं घर धुतलं. अंगण शेणाने सारवलं. उद्या पालखी. ओटीचं ताट भरून ठेवलं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड.

मागणं काय मागायचं ते ठरवलंय. ज्या घरी पालखी बसते तिथल्या बाईचं एक मागणं गुरव गाऱ्हाण्यात घालतात. मी मागणार आहे की आई, खणावरून आलीस की माझ्यासाठी आलीस ते एकदा दाखव.

शनिवार, ७ मार्च

काल बसून लिहिण्याएवढा जीव थाऱ्यावर नव्हता.

ऊन टेकाडावर आलं आणि ढोल वाजले. पालखी आमच्याच वाटेला वळली. ओमकारने पुढचा दांडा खांद्यावर घेतला. अंगणात पालखी नाचवली, माझ्या डोळ्यांना धारा. मग ती पाटावर टेकवली. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, उन्हात अशी पेटली की बघवेना. मी ओटी भरली. वाडीतल्या सगळ्या बायका माझ्या मागे उभ्या. वयनी त्यांत नव्हती.

मी बघितलं ती कुठे आहे. खोटं कशाला लिहू, तिने बघावं म्हणून बघितलं.

गडग्यापलीकडे त्यांच्या अंगणात आप्पा खुर्चीवर बसले होते. नवीन सदरा, टोपी. हात जोडलेले. पण तोंड आमच्याकडे नव्हतंच. ढोलाचा आवाज त्यांच्या गुरांच्या मांगराच्या भिंतीवर आपटून परत येत होता, तर ते त्या भिंतीकडे हात जोडून बसले होते. रिकाम्या भिंतीकडे. मग वयनी आली. तिने त्यांच्या हनुवटीला धरलं आणि तोंड हळूच फिरवलं, आमच्या अंगणाकडे. त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. मग मान हलवली, नाही म्हणून.

पायवाट. ट्यूबलाईट. पापड. काळा चष्मा. पेपर. सगळं एका क्षणात माझ्या अंगावर आलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरवांनी नारळ हातात घेतला. "व्हय महाराजा" झालं. "बोल चिमाबाय, काय मागणं?"

ठरवलेलं काही आठवेना. तोंडातून निघालं, "आईने हितून उठून थोरल्या घरी जावं. आत्ता. ऊन आहे तोवर."

गावकार पुढे आले. "अगो, क्रम ठरलाय. तुझ्याकडून खाली भुवडांकडे. तू नाय का सभेत भांडलीस क्रमासाठी?"

"भांडले. क्रम तुमच्या मोबाईलवर राहू दे तसाच. पण पहिल्या घरचं मागणं मोडायची रीत आपल्यात कधीपासून आली? तीही नवीन आवृत्ती काय?"

खांदेकरी हसले. भुवडांची म्हातारी मागून म्हणाली, "जाऊ दे रे, माझे वडे अजून तळून व्हायचे हायत!" खांदेकऱ्यांना काय, उलट उतरण वाचली. ओमकारने माझ्याकडे बघितलं आणि दांडा उचलला.

शमिका मोबाईल हातात घेऊन उभी होती, डोळे भरलेले. "काकू, क्रमात बदल करू?"

"काही बदलू नकोस. पहिलं आमचंच नाव राहू दे. खाली लिही, चिमाच्या मागण्यावरून पालखी थोरल्या घरी गेली. सगळ्या मुंबईला दिसू दे."

गडग्याचे दोन चिरे काढले आणि पालखी तिथूनच पलीकडे नेली.

आप्पांच्या पुढ्यात, अगदी गुडघ्यांना लागेल अशी टेकवली. ते वाकले. वाकत वाकत नाक जवळजवळ रूपाला टेकलं. बराच वेळ तसेच. ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली घेतल्या. मग आप्पांनी मान वर केली आणि लहान पोरासारखे हसले.

"तुळसा, आईची नथ नवी केली काय गो?"

नथ करून किती शिमगे झाले. वर्गणी त्यांनीच गोळा केली होती.

"हो," वयनी म्हणाली. "यंदाच केली."

नंतर ती माझ्याकडे आली. गळ्यात पडेल वाटलं, म्हणून मी ताट पुढे धरून उभी राहिले. ती एवढंच म्हणाली, "चिमे, पयला का दुसरा ते मी कधी धरलंच नाय गो. दिव्यात त्यांना काय दिसत नाय. उजेडात हवी होती, एवढंच. अजिंक्यला कळलं तर नोकरी सोडून येईल, म्हणून आपण होऊन कुणाला बोलले नाय."

मला भरून आलं होतं, ते तिथेच ओसरलं. धरलंच नाही! म्हणजे इतकी वर्षं मी जिच्याशी शर्यत लावून पुढे पळत होते, ती आपल्या पडवीत बसलेली होती. तिला पळणारी मी दिसलेही नाही. पहिलं यायचं सुख असं एका वाक्यात काढून घेतलं बाईने, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून.

दुपारी ओमकारला वाटेला लावलं. वाटेत खायला पापडाच्या चुऱ्याचा चिवडा दिला. म्हणाला, "आई, झकास झालाय." मग म्हणाला, "आप्पांनी विचारलं, पापड परत घातलेस काय."

रविवार, ८ मार्च

देवळात जाऊन आले. आज तिच्याकडे वर बघितलं. नथ खरंच सुंदर आहे, मी कधी नीट पाहिलीच नव्हती.

चपलांच्या खणावरून आला असेल नंबर. पण आई पहिली माझ्या अंगणात बसली नसती, तर ऊन असताना तिला पलीकडे जा म्हणणारं कोण होतं? भुवडांच्या म्हातारीने मागितली असती नातवाला नोकरी. हे शमिकाला सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, हे मला यंत्राकडून सिद्ध करता येणार नाही." मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलंय?" आज तिला दुधाचा चहा दिला.

पुढच्या रविवारी सभा. ती विचारत होती, पुढच्या वर्षीच्या क्रमाला आमच्या घराकडून काय सुचवायचं.

"पहिलं थोरलं घर," मी म्हटलं. "आप्पा आहेत तोवर."

तिने लिहून घेतलं. उठायला लागली, तेव्हा मी तिला परत बसवलं.

"आणि दुसरं आमचं. ते त्याला नीट सांगून ठेव. सांगितल्याशिवाय कळत नाही म्हणालीस ना."